जिवाणू आणि विषाणू: सातवी-आठवीच्या वर्गात फरक कसा समजावून सांगावा

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेने तीन प्रश्न पाठवले आहेत. मुले जिवाणू आणि विषाणू या दोघांनाही 'जंतू' म्हणून मोकळी होतात, तर त्यांतला नेमका फरक कसा सांगावा, हा पहिला. विषाणूला सजीव म्हणायचे की निर्जीव, हा दुसरा. तिसरा त्यांच्या वर्गातल्या एका मुलाचा आहे: पावसाळ्यात ताप मलाही आला आणि ताईलाही आला, पण डॉक्टरांनी ताईला गोळ्यांचा कोर्स दिला आणि मला नुसते पॅरासिटामॉल, असे का? सूक्ष्मजीवशास्त्र शिकून विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत काम करत आलेला डॉक्टर म्हणून मला हा तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर पहिल्या दोन उत्तरांतूनच निघते, म्हणून क्रमाने जातो.

मॅडम, माझी पहिली विनंती अशी की, धड्याची सुरुवात रोगांच्या तक्त्यापासून करू नये. टायफॉइड जिवाणूमुळे, पोलिओ विषाणूमुळे, क्षय जिवाणूमुळे, गोवर विषाणूमुळे हा तक्ता पाठ केला की परीक्षेत गुण मिळतात, परंतु त्यातून मुलाच्या हाती काहीच लागत नाही, कारण तक्त्यात नसलेला रोग समोर आला की तो पुन्हा कोराच राहतो. त्याऐवजी मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवावे: या सूक्ष्म वस्तूकडे अन्नापासून ऊर्जा काढण्याची आणि स्वतःची वाढ करण्याची साधने स्वतःची आहेत का? जिवाणूकडे ती असतात आणि विषाणूकडे नसतात. आकार, औषधे, पसरण्याची रीत हे बाकीचे बहुतेक फरक या एका गोष्टीपाशी येऊन मिळतात.

जिवाणू ही एक संपूर्ण पेशी आहे. तिला बाहेरून पेशीभित्तिका असते, आत पेशीपटल असते, पेशीद्रव असते, प्रथिने तयार करणारे रायबोझोम असतात आणि डीएनएचे एक वेटोळे असते. आपल्या पेशींप्रमाणे या डीएनएभोवती आवरण नसते, म्हणजे स्पष्ट केंद्रक नसते, म्हणून जिवाणूंना आदिकेंद्रकी म्हणतात. ही पेशी अन्न शोषते, टाकाऊ पदार्थ बाहेर टाकते आणि पुरेशी वाढली की मधोमध दुभंगून तिच्या दोन पेशी होतात. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला भरपूर अन्न आणि योग्य ऊब मिळाली, तर हे दुभंगणे साधारण वीस मिनिटांत होते. फळ्यावर गणित मांडून पाहावे. सकाळी दहाला शाळा भरताना एक जिवाणू असेल, तर संध्याकाळी पाचला शाळा सुटेपर्यंत सात तासांत एकवीस वेळा दुप्पट होऊन त्यांची संख्या २०,९७,१५२ होते. मग सगळे जग जिवाणूंनी भरून का जात नाही, असे एखादे मूल विचारेलच आणि ते विचारावेच. अन्न संपते, त्यांच्याच टाकाऊ पदार्थांनी परिसर बिघडतो आणि वाढ थांबते. रात्रभराचे दही सकाळी आंबट असते आणि दुपारपर्यंत आणखी आंबटते. पण ते आंबटपण वाढतच राहत नाही, याचे कारण हेच आहे.

दह्याचा विषय निघालाच आहे, तर त्यावर एक पूर्ण तास खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. दुधातील लॅक्टोज या साखरेचे लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू विरजणात असतात. ते आम्ल वाढले की दुधातले केसिन हे प्रथिन गोठते आणि दही लागते. मुलांना घरी तीन वाट्या लावायला सांगाव्यात. एकीत उकळत्या दुधात विरजण घालावे, दुसरीत कोमट दुधात घालून वाटी उबेला ठेवावी आणि तिसरीत कोमट दुधात घालून ती फ्रिजमध्ये किंवा माठाशेजारी अगदी गार जागी ठेवावी. उकळत्या दुधातल्या वाटीला दही लागत नाही, कारण जिवाणू मरतात. गार वाटीला लागत नाही किंवा फार उशिरा लागते, कारण ते मरत नाहीत, पण मंदावतात. मारणे आणि मंदावणे यांतला हा फरक मुलांना कळला, की पाणी उकळून प्यायचे कशासाठी आणि फ्रिजमधले शिळे अन्नही शेवटी खराब का होते, हे दोन्ही एकदम उलगडते.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तर याच दह्याची काचपट्टी करता येते. काचपट्टीवर पाण्याचा एक थेंब ठेवून त्यात काडीच्या टोकाला लागेल एवढेच दही मिसळावे आणि ते इतके पातळ पसरावे की खालची अक्षरे वाचता यावीत. बहुतेक ठिकाणी काम इथेच बिघडते: दही जास्त घेतले जाते आणि मग निळ्या ढगाशिवाय काहीच दिसत नाही. पट्टी हवेत पूर्ण वाळू द्यावी, स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून दोन-तीन वेळा झरकन फिरवावी (हे काम शिक्षकांनीच करावे), तिच्यावर मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे दोन थेंब मिनिटभर ठेवून हलक्या धारेने धुवावे आणि वाळल्यावर ४०० पट मोठे करून पाहावे. फिकट निळे डाग दिसतात ते केसिनचे; त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गडद निळ्या बारीक काड्या आणि माळेसारखे जोडलेले ठिपके दिसतात, ते जिवाणू. मूल पहिल्यांदा सगळीकडे नुसते ठिपकेच आहेत म्हणते. त्याला घाई करू नये. डोळा सरावला की तेच मूल काडी कोणती आणि ठिपका कोणता, हे दुसऱ्याला दाखवू लागते.

याच काचपट्टीवरून आकाराचा मुद्दा घ्यावा. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रोमीटर, आणि जिवाणू साधारण एक ते काही मायक्रोमीटर लांबीचे असतात. दोन मायक्रोमीटर लांबीचे जिवाणू ओळीने ठेवले, तर पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये पाचशे बसतात. करोनाचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मायक्रोमीटरचा दहावा हिस्सा असतो, म्हणून तेवढ्याच जागेत तो दहा हजार बसेल. पोलिओचा विषाणू तर ३० नॅनोमीटरच्या आसपास आहे. शाळेतल्या किंवा आमच्या प्रयोगशाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाने हे विषाणू दिसत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो आणि तो १९३० च्या दशकात तयार झाला. जिवाणू मात्र लेवेनहूक यांनी १६७६ मध्येच स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिले होते.

न दिसणारा विषाणू आहे हे मग कळले कसे, ही हकिगत मुलांना आवडते. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या रोगावर काम करताना इव्हानोव्स्की यांनी १८९२ मध्ये रोगट पानांचा रस चिनी मातीच्या अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला. त्या गाळणीतून जिवाणू पार होत नाहीत. तरीही गाळलेल्या रसाने निरोगी पानांना रोग झाला. म्हणजे रोगाचे कारण जिवाणूहून लहान होते. १८९८ मध्ये बायजेरिंक यांनी हा प्रयोग पुढे नेला आणि हे काहीतरी फक्त जिवंत, वाढत्या पेशींमध्येच वाढते, हे दाखवले.

यात विषाणूचे सगळे मर्म आहे. विषाणू म्हणजे डीएनए किंवा आरएनए यांपैकी एकाचा छोटा धागा आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच. काही विषाणूंना त्यावर मेदाचे आणखी एक आवरण असते. त्यात रायबोझोम नाही, ऊर्जा तयार करण्याची सोय नाही, खाणे नाही, श्वसन नाही. योग्य पेशीच्या पृष्ठभागावर तो चिकटला की त्याचा धागा आत जातो आणि त्या धाग्यावरच्या सूचनांनुसार ती पेशी स्वतःचे साहित्य आणि स्वतःचे रायबोझोम वापरून नवे विषाणू तयार करू लागते. ते बाहेर पडतात तेव्हा पेशी बहुधा मरते. येथे 'विषाणू हल्ला करतो', 'विषाणूला आपल्याला आजारी पाडायचे असते' अशी वाक्ये कटाक्षाने टाळावीत. विषाणूला हेतू नसतो. तो पोहत नाही आणि शोधत नाही. हवा, पाणी, डास किंवा हाताचा स्पर्श त्याला जिथे नेईल तिथे तो जातो.

हे सारे मुलांना डोळ्यांनी पाहायचे असेल, तर आपल्याकडे रब्बीत हरभऱ्याचे शेत आहे. घाटेअळीच्या बंदोबस्तासाठी अनेक शेतकरी एचएएनपीव्ही नावाचे औषध फवारतात. त्यात रासायनिक विष नसते, त्यात विषाणू असतो. फक्त घाटेअळीला होणारा, माणसाला, गुराला किंवा मधमाशीला न होणारा. फवारलेले पान अळीने खाल्ले की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात विषाणूभोवतीचे प्रथिनांचे स्फटिक विरघळतात आणि सुटे झालेले विषाणू आतड्याच्या पेशींत शिरतात. एक-दोन दिवस अळी वरवर ठीक दिसते. मग तिचे खाणे मंदावते, अंग फिकट व फुगीर होते आणि ती झाडाच्या शेंड्याकडे चढते. साधारण चार ते सात दिवसांत ती तिथे मागच्या पायांनी फांदीला धरून डोके खाली करून लटकलेली सापडते. कातडी इतकी नाजूक झालेली असते की काडीचा धक्का लागताच फुटते आणि पाण्यासारखा पांढुरका द्रव खालच्या पानांवर गळतो. त्या द्रवात त्याच विषाणूचे असंख्य स्फटिक असतात आणि ती पाने खाणाऱ्या पुढच्या अळीकडे ते जातात. एका अळीच्या पेशींनी किती विषाणू तयार करून दिले, हे यापेक्षा स्पष्ट कुठेच दिसत नाही. हे औषध संध्याकाळी का फवारतात आणि त्यात नीळ का मिसळतात, हे मुलांनी घरी वडिलांना जरूर विचारावे. उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो, हे त्याचे कारण आहे. बाटलीतला विषाणू मात्र सावलीत, थंड जागी, काहीही न खाता दीर्घकाळ टिकतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या बाटलीतच आहे. बाटलीत असताना विषाणूत सजीवाचे एकही लक्षण दिसत नाही. १९३५ मध्ये स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या त्या विषाणूचे मिठासारखे स्फटिक करून दाखवले आणि तरीही त्यांची रोग करण्याची क्षमता गेली नव्हती. पेशीत गेल्यावर मात्र त्याच्या प्रती वाढतात, त्यांत बदल होतात आणि त्यांची उत्क्रांतीही होते. म्हणून तो सजीव-निर्जीवाच्या सीमारेषेवर आहे, असे पुस्तके म्हणतात आणि ते बरोबर आहे. मुलांकडून 'सजीव' किंवा 'निर्जीव' असे एका शब्दाचे उत्तर घेऊ नये. पेशीबाहेर काय दिसते आणि पेशीत काय दिसते, हे त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहायला लावावे.

एक चाणाक्ष मूल येथे अडवू शकेल, म्हणून सांगून ठेवतो. काही जिवाणूसुद्धा फक्त दुसऱ्याच्या पेशीतच वाढतात. कुष्ठरोगाचा जिवाणू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला, पण तो आजवर प्रयोगशाळेतल्या कृत्रिम अन्नावर वाढवता आलेला नाही. मग त्याला विषाणू का म्हणत नाहीत? कारण तो पूर्ण पेशी आहे, त्याचे रायबोझोम त्याचे स्वतःचे आहेत आणि तो स्वतः दुभंगून वाढतो, ई. कोलायला वीस मिनिटे लागतात तिथे याला जवळजवळ दोन आठवडे लागतात, एवढेच. तो जिवाणू असल्यामुळेच त्यावर प्रतिजैविके, म्हणजे जिवाणूंना मारणारी किंवा रोखणारी औषधे, चालतात, आणि बहुविध औषधोपचाराने सहा किंवा बारा महिन्यांत आज कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. ज्या विदर्भात बाबा आमटे यांना वरोऱ्याजवळ आनंदवन उभारावे लागले, तिथल्या मुलांना हे ठाऊक असायलाच हवे.

जिवाणू म्हणजे रोग, हा समज मोडण्यासाठी दह्याखेरीज आणखी एक सोपा पुरावा शेतात आहे. सोयाबीन किंवा तूर महिना-सव्वा महिन्याची झाली की एखादे झाड मुळांसकट अलगद खणून काढावे आणि मुळे पाण्यात हलवून माती सोडवावी. मुळांवरच्या गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचे झाडाला वापरता येईल असे संयुग करत असतात. गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती कामावर आहे. हिरवट किंवा करडी असेल तर नाही. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीच्या प्रथिनाचा आहे. पेरणीपूर्वी बियाण्याला चोळायचे जिवाणू संवर्धकाचे पाकीट म्हणजे हेच जिवाणू.

वरूड, मोर्शी, काटोल भागातल्या शाळांसाठी संत्र्याचे झाड हेही उत्तम उदाहरण आहे, कारण ट्रिस्टेझा हा त्याचा रोग विषाणूमुळे होतो आणि मावा तो पसरवतो, तर ग्रीनिंग हा रोग जिवाणूमुळे होतो आणि सिट्रस सिला ही कीड तो पसरवते. दोन्हींत झाड पिवळे पडून खंगते. नुसत्या लक्षणांवरून जिवाणू की विषाणू हे सांगता येत नाही, तपासणी करावी लागते. हेच माणसाच्या तापालाही लागू आहे.

आता त्या मुलाकडे आणि त्याच्या ताईकडे येऊ. त्यांना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांचा आजार कोणता होता हे मी सांगणार नाही. पण आपल्या भागातली नेहमीची जोडी घेतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकाच गावात डेंग्यूचा तापही असतो आणि स्क्रब टायफसचाही. दोन्हींत अंग मोडून येते, डोके दुखते, ताप चढतो. डेंग्यू हा विषाणू एडिस डासामार्फत येतो. स्क्रब टायफसचा जिवाणू गवत-झुडपांतल्या माइट नावाच्या अतिशय बारीक किडीच्या पिल्लांच्या चाव्यातून येतो. पुष्कळदा काखेत, जांघेत किंवा कमरेशी चाव्याच्या जागी काळी खपली धरते आणि रुग्णाला ती माहीतही नसते, म्हणून आम्ही ती शोधतो. डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक स्क्रब टायफसमध्ये जीव वाचवते, डेंग्यूमध्ये त्याचा काहीही उपयोग नाही.

कारण मुलांना आता स्वतःच शोधता येईल. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका नीट बनू देत नाही. आपल्या पेशींना भित्तिका नसते, म्हणून ते आपल्याला इजा न करता जिवाणूला मारते. विषाणूला भित्तिकाच नाही, मग ते रोखणार काय? डॉक्सीसायक्लिन जिवाणूच्या रायबोझोमचे काम थांबवते. विषाणू आपल्याच पेशींचे रायबोझोम वापरतो आणि ते निराळ्या घडणीचे असतात. विषाणूंवर औषधेच नाहीत, असे मात्र शिकवू नये. एचआयव्ही, यकृतदाह सी, इन्फ्लुएंझा यांवर औषधे आहेत; पण प्रत्येक औषध एखाद्या ठरावीक विषाणूच्या ठरावीक पायरीवर चालते. साध्या सर्दीत, डेंग्यूत शरीर स्वतः विषाणूचा निकाल लावते आणि तोवर पाणी, विश्रांती, पॅरासिटामॉल आणि धोक्याच्या लक्षणांवर लक्ष हाच उपचार असतो. 'पॉवरची गोळी' किंवा सुई दिली नाही म्हणून डॉक्टरांनी काहीच केले नाही, असे घरी म्हटले जाते, तेव्हा हे समजावून सांगणारे घरातले पहिले माणूस पुष्कळदा आठवीतले मूलच असते.

नको तेव्हा प्रतिजैविक घेतल्याने, किंवा डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स अर्धवट सोडल्याने काय होते, हे कापूसपट्ट्यातल्या मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. बीटी कपाशीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे, बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार करणारे जनुक आहे. भारतात तिला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षे बोंडअळी आटोक्यात राहिली. मात्र तेच प्रथिन वर्षानुवर्षे समोर राहिल्याने त्याला दाद न देणाऱ्या मोजक्या गुलाबी बोंडअळ्या जगल्या, वाढल्या आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याची झळ सोसली. प्रतिजैविकाने संवेदनशील जिवाणू मरतात आणि जे योगायोगाने तग धरू शकतात ते उरतात, हीच प्रक्रिया शरीरात घडते. फरक एवढाच की जिवाणू प्रतिकाराची जनुके शेजारच्या जिवाणूलाही देऊ शकतात, त्यामुळे हे फार वेगाने पसरते. क्षयरोगाच्या रुग्णाने दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नयेत, यासाठी आम्ही इतके मागे लागतो ते म्हणूनच.

लसीबद्दल थोडक्यात: लस दोन्हींविरुद्ध होऊ शकते, कारण ती आपल्या प्रतिकारशक्तीला ओळख करून देते. जन्मल्यावर टोचली जाणारी बीसीजी जिवाणूविरुद्ध आहे, पोलिओचे थेंब विषाणूविरुद्ध. देवी १९८० मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले आणि गुरांचा बुळकांडी हा रोग २०११ मध्ये. दोन्ही विषाणूंचे होते आणि दोन्हींत लसीचा वाटा मोठा होता. सगळ्यांच्या लसी मात्र नाहीत. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातून एक नवा विषाणू मिळाला आणि गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. वाळूमाशीमार्फत पसरणारा, रेबीजच्या कुळातला हा विषाणू लहान मुलांना मेंदूज्वर करतो. त्यावर लस नाही आणि खास औषधही नाही, म्हणून घराच्या व गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवणे, ओल व शेणकचरा घरापासून दूर ठेवणे आणि मुलांना मच्छरदाणीत झोपवणे हाच मार्ग आहे.

गडचिरोलीतला हिवताप आणि सगळीकडचा नायटा हे या दोन्ही गटांत बसत नाहीत, हेही एका वाक्यात सांगावे. पहिला आदिजीवामुळे होतो, दुसरा कवकामुळे.

शेवटी प्रयोगांबद्दल एक सूचना. हात, नाणी किंवा शौचालयाच्या कडीवरचे जिवाणू बटाट्याच्या कापावर किंवा जेलीवर वाढवण्याचे प्रयोग मोबाइलवर दिसतात. ते शाळेत करू नयेत. काय वाढेल हे आपल्या हातात नसते आणि ते सुरक्षितपणे नष्ट करण्याची सोय शाळेत नसते. दही आणि मुळांच्या गाठी मात्र निर्धास्तपणे हाताळता येतात. मेलेली घाटेअळी दाखवायची असल्यास ती झाडावरच दाखवावी, रासायनिक फवारा झालेल्या शेतात मुलांना नेऊ नये आणि परतल्यावर साबणाने हात धुवावेत. मेथिलीन ब्लू आपल्या शाळेत नसेल, तर तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत मागून पाहावे. एवढ्याशा बाटलीत अनेक वर्गांचे काम होते.